म्हशीच्या घशातला हात

माझ्या थोरल्या जावेचा हात बारीक आणि लांब होता, आणि त्या हाताला जळगावजवळच्या आमच्या असोद्यात मान होता. म्हैस अडली, गाईच्या पोटात वासरू आडवं आलं, बैलाने केळीच्या खोडाचा मोठा तुकडा न चावता गिळला, की लोक जनावरांच्या डॉक्टरआधी तिला बोलवत. ती पदर खोचायची, बांगड्या कोपराच्या वर सरकवायची, हाताला गोडंतेल चोळायची आणि कोपरापर्यंत हात आत घालायची. अडकलेलं काढून उकिरड्यावर फेकायची आणि "धरा तुमना बैल" म्हणून घरी यायची. तिचं माहेर धुळ्याच्या पलीकडचं. आमच्यात इतकी वर्षं राहूनही ती अहिराणीच बोलायची. आमच्याकडची बोली वेगळी. सासूबाई तिच्या बोलण्याची नक्कल करत, ती सासूबाईंच्या बोलण्याची करे, आणि दोघींचं त्यावर बरं चाले.

माझं आणि तिचं चालत नसे. मी जळगावला एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते, नवरा तिथेच बँकेत होता. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि सुट्ट्यांना असोद्याला जायचो. तिच्या मते मी वाढलेल्या ताटावर येऊन बसणारी बाई. माझ्या मते ती कोठीची किल्ली कमरेला लावून फिरणारी हवालदारीण. कोठीत तूप, गूळ, साखर, लोणच्याच्या बरण्या आणि सरकीची पोती. चहात साखर कमी पडली तर तिच्याकडे मागावी लागे, आणि ती किल्ली हुडकण्यात इतका वेळ लावे की चहा गार होई. मी फिका चहा प्यायला शिकले. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जे केलं ते मायेपोटी केलं असा कुणाचा समज होणार नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी बसमधून उतरून घरी पोचले, तर दारात माणसं जमलेली. आमची म्हैस आठवड्याभरापूर्वी व्यायली होती. पहिल्या चिकाच्या दुधावर गल्लीचा हक्क, ही आमच्याकडची रीत. खरवस शिजवायचा आणि घरोघर वाटी पोचवायची. वाटला नाही तर जनावराला दृष्ट लागते म्हणतात. तो वाटून झाला होता, वाट्या धुऊन परत आल्या होत्या. आणि आता म्हैस पाण्याला तोंड लावत नव्हती. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. ओरडायला तोंड उघडे, तर आवाज फुटक्या भोंग्यासारखा घोगरा निघे. गिळता येत नव्हतं हे कुणालाही दिसत होतं.

"घसामा काई अटकेल शे," माझी जाऊ म्हणाली. तिचे चुलत दीर आणि भाचे दोरीने म्हशीचा जबडा ताणून धरून होते आणि तिचा हात कोपरापर्यंत आत होता.

मी पिशवी खाली ठेवली. "अक्का, हात काढा बाहेर."

"उनी मास्तरीणबाई," ती मागे न बघता म्हणाली. "उतरनी नही बसमाईन, तं शिकाडाले लागनी."

लोक हसले. तिने आणखी थोडा वेळ चाचपलं. घशात काहीच नव्हतं. तिने हात काढला. तो लाळेने चकचकत होता. कापूस वेचणीचे दिवस होते. बोंडांची सुकलेली टोकं सुईसारखी असतात आणि वेचणाऱ्या बाईची बोटं नखांच्या कडेने फाटलेली असतात. तिच्या बोटांवर अशा लाल चिरा होत्या, काही ताज्या. ती लाळ तिने कडब्याला पुसली.

मी मोरीतून कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणली. "साबणाने धुवा. पाण्याच्या धारेखाली धरा आणि धूत राहा."

"माले हात धवता येस," असं म्हणून तिने हातावर एक तांब्या ओतला आणि कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ मळायला बसली. मी त्या भाकरी खाल्ल्या. तव्यावर काही टिकत नाही हे मला ठाऊक होतं. मी न जेवता उठेन असं तिला वाटलं असावं, कारण ती माझ्या ताटाकडे बघत होती.

जेवण झाल्यावर मी थोरल्या दिरांना गाठलं. "भाऊ, म्हशीला कुत्रं चावलं होतं का?"

ते सुपारी कातरत होते. कातरतच राहिले. "कुत्रं म्हणजे," ते म्हणाले, "पावसाळ्यात केळीच्या बागेत एक आलतं. नाकाडावर ओरखडा होता तिच्या. आता ते कुत्र्यानं केला का काट्यानं, कोण सांगावं."

"ते कुत्रं परत दिसलं?"

"नाही."

"मग काय केलंत?"

"मिरची भरली जखमेत. बरी झाली ना ती. व्यायली बी."

बरी झाली. हे दोन शब्द मी पुढे कित्येक वर्षं वर्गात सांगितले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची जखम बरीच होते. या विषाणूची सगळी हुशारी त्यातच आहे.

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. ते गोठ्यात शिरलेच नाहीत. दारातून म्हशीकडे बघितलं. ती तोवर मागच्या पायांवर डुलायला लागली होती. त्यांनी विचारलं, "तोंडात हात कुणी घातला होता का?"

"कोणीच नाही," सासूबाई म्हणाल्या.

"यांनी घातला होता," मी म्हणाले आणि जावेकडे बोट दाखवलं. "कोपरापर्यंत. बोटं फाटलेली आहेत."

डॉक्टर म्हणाले की उशीर करू नका, जळगावला नेऊन इंजेक्शनं सुरू करा. म्हैस खोल पुरा, कातडं काढायला कुणाला देऊ नका. ते गेले. संध्याकाळी म्हैस पडली ती उठली नाही.

ती मेल्यावर घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण कुणी आवाज चढवला नाही. सासूबाई ओट्यावर बसून मटकी निवडत होत्या.

"म्हैस घशात अडकून मेली," त्या म्हणाल्या. "कोणी इचारलं तं हेच सांगायचं. बास."

"घशात काही नव्हतं, आई. अक्कांनीच बघितलं."

"तुले आमचं तोंड काळं करायचं हाय का? बठ्ठ्या गल्लीनं खरवस खाल्ला. म्हैस पिसाळलेली होती म्हन्लं तं काय म्हन्तीन लोकं? वाटी वाटी जहर वाटलं म्हन्तीन. आन् थोरली दवाखान्यात गेली तं लोकं इचारतीनच, काबरं गेली?"

"खरवस शिजवलेला होता. त्याने कुणाला काही होत नाही. होणार आहे ते अक्कांना."

"काही होत नाही मले," सासूबाईंनी जावेच्या वतीने उत्तर दिलं, जणू हात त्यांचाच होता.

जाऊ चुलीपाशी होती. "कुत्रं माले चावनं का?" तिने विचारलं. "नही ना? मंग?"

माझा नवरा पेपर वाचत होता. थोरल्या भावापुढे आणि आईपुढे त्याला नेहमीच पेपर सापडे.

आता मला काय दिसत होतं ते सांगते. माझं माहेर पहूरचं. मी शाळेत असताना आमच्या शेजारी एक शिंपी राहत होता. त्याला कुत्रं चावलं. पिंडरीची जखम चार दिवसांत सुकली, तो हसत खेळत मशीन चालवत होता, चेष्टेने पोरांवर भुंकून दाखवायचा. दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी त्याने चहाचा कप तोंडाला लावला आणि फेकून दिला. पाण्याचा आवाज ऐकला तरी त्याचा गळा आवळायचा. त्याला खोलीत कोंडून ठेवलं होतं. आम्ही पोरं खिडकीखाली जमायचो आणि मोठी माणसं हाकलायची. मला लक्षात राहिलं ते एवढंच की तो शुद्धीवर होता. आतून नीट बोलत होता. कुणाची कोणती चोळी शिवायची राहिली ते बायकोला सांगत होता. डोकं शाबूत ठेवून माणूस असा मरू शकतो, हे मला तेव्हा पटलं नव्हतं.

पुढे शिकले, शिकवायला लागले, तेव्हा कळत गेलं. काही गोष्टी तर नव्वदच्या दशकात वाचल्या, त्या तेव्हा मला ठाऊक नव्हत्या. पण इथेच सांगून टाकते, कारण त्या ठाऊक असत्या तर मी ओट्यावर अधिक वाईट बोलले असते.

शरीरात कुणी परकं शिरलं की आरडाओरड होते. ताप येतो, सूज येते, रक्तातले पहारेकरी धावतात. ही आरडाओरड म्हणजेच आपलं संरक्षण. बहुतेक विषाणू धसमुसळे असतात. पेशीत घुसतात, हजारोंनी वाढतात, पेशी फोडून बाहेर पडतात, आणि त्या गोंधळात पकडले जातात. शिवाय आपल्या पेशींची एक शिस्त आहे. आपल्यात चोर शिरलाय हे कळलं की पेशी स्वतःचा जीव देते. चोराला आत घेऊन मरते, म्हणजे शेजारच्या पेशी वाचतात. शरीर असंच टिकतं, रोज असंख्य पेशींच्या मरणावर.

पिसाळीचा, म्हणजे रेबीजचा, विषाणू यातलं काहीच होऊ देत नाही. तो जखमेत गप्प बसतो. थोडाच वाढतो, अगदी लागेल तेवढा. मग मज्जातंतूत शिरतो आणि आतल्या आत सरकत मेंदूकडे निघतो. रक्तात येत नाही, म्हणून पहारेकऱ्यांना तो दिसत नाही. ताप नाही, सूज नाही, जखम बरी. आणि ज्या पेशीतून तो चाललाय तिला तो मरू देत नाही. जीव देण्याचा तिचा हक्कच तो काढून घेतो. ती पेशी म्हणजे त्याची वाट, आणि आपण चालतो ती वाट कुणी खणून ठेवत नाही. मेंदूत पोचल्यावर शरीराला अखेर जाग येते, पहारेकरी धावतात, तेव्हा हा हलकट उलटा डाव खेळतो. आलेल्या पहारेकऱ्यांनाच मरायला लावतो. पेशी जगवायच्या आणि राखणदार मारायचे. अशा माणसाचा मेंदू नंतर उघडून बघितला तर त्यात फारशी मोडतोड दिसत नाही म्हणतात. तो शिंपी चोळ्यांचा हिशेब नीट सांगत होता तो उगाच नाही. घर उभं होतं, फक्त मालक बदलला होता.

आमच्या ओट्यावरही तेच चाललं होतं. कुणी ओरडायचं नाही. घर जसं चाललंय तसं चालू द्यायचं. बाई कामाची आहे, ती काम करतेय, मग तिला झालंय काय?

इंजेक्शनाची गोष्ट साधी आहे. विषाणू वाटेत असतानाच मेलेला विषाणू टोचून पहारेकऱ्यांना त्याचं तोंड दाखवून ठेवायचं. तो पोचायच्या आधी ते तयार झाले तर माणूस वाचतो. ही शर्यत आहे. पिंडरीपासून मेंदू लांब असतो, हातापासून जवळ. आणि बोटांत मज्जातंतूंची गर्दी असते.

मी विचार केला तो असा. जावेला दवाखान्यात पाठवत नाहीत, कारण गल्लीला कळेल. मग गल्लीला कळूनच जाऊ दे, कारणच उरणार नाही. सकाळी मी हंडा घेऊन सार्वजनिक नळावर गेले. मी नळावर कधी जात नसे, त्यामुळे बायका माझ्याकडेच बघत होत्या. समोरच्या घरातल्या काकू पुढे होत्या.

"म्हैस कशानं गेली वं तुमची?" त्यांनी विचारलं. "सासू म्हन्ते घशात अडकलं."

"पिसाळली होती," मी म्हणाले. "तुम्ही खरवस खाल्ला त्याची काळजी करू नका, तो शिजवलेला होता. उकळल्यावर काही राहत नाही. पण कुणी कच्चा चीक प्यायला असेल, किंवा कुणाचा हात तिच्या लाळेला लागला असेल, तर जळगावला जा."

पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. पुढचं कुणी ऐकलं नाही. काकूंनी हंडा अर्धा भरलेला तसाच उचलला आणि चालू लागल्या. दुपारच्या आत आमच्या दारापुढे अर्धी गल्ली उभी होती.

"आमच्या नातवंडांनी दोन दोन वाट्या खाल्ल्या," काकू म्हणत होत्या. "मागून मागून खाल्ल्या. तुम्ही पाहात होत्या ना? चाटून खाल्ल्या त्यांनी तुमच्या समोर."

"मले काय माहीत होतं?" सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या पोराले माहीत होतं. कुत्रं आलतं बागेत, हे आमच्या यायले कालच तुमच्या सालदारानं सांगितलं. मिरची भरायले माहीत होतं, सांगायले नव्हतं?"

कुणीतरी ट्रॉली जोडली. खरवस खाल्लेली सगळी गल्ली ट्रॅक्टरमागे बसून जळगावच्या एका दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरने विचारलं, शिजवलेला होता का, मग घरी जा. कुणी घरी गेलं नाही. हातगाडीवरचे पेरू खात रांग लावून बसले आणि पोटात सुया घेतल्याशिवाय हलले नाहीत. तेव्हा सुया पोटातच मारत, मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असे, आणि चौदा घ्याव्या लागत. ज्यांना गरज नव्हती ते सगळे रांगेत होते. जिला होती ती घरी भरिताची वांगी भाजत होती.

"आते बठ्ठा गावले कयनं ना?" मी आत आल्यावर ती म्हणाली. तिने भाजलेलं वांगं ताटात आपटलं. "व्हयनं तुनं समाधान?"

"नाही. तुम्ही गेल्यावर होईल."

"मी जावाव नही. मी गयी तं तू जिकनी."

आता लाज नव्हती, पण हट्ट होता. मी माझ्या मूर्खपणाच्या नावाने बोटं मोडली. बायकांच्या हट्टाचा अंदाज मला आधी यायला हवा होता, कारण माझ्यात तो तिच्याइतकाच आहे.

थोरल्या दिरांनी वेगळाच तोडगा काढला. गल्लीने तोंड फिरवल्यावर ते घाबरले होते. धुळ्याच्या पलीकडे, जावेच्या माहेराशेजारच्या गावी, एक म्हातारा कुत्र्याच्या विषावर मुळी देत असे. रविवारी, गुळात घालून. तिच्या माहेरची माणसं वर्षानुवर्षं तिथे जात. तिला ते लगेच पटलं. सुया नाहीत, माझा विजय नाही, वर माहेरी दिवाळी. ती पेटी भरायला बसली. लुगडी घडी घालताना तिने बोटांच्या चिरांना खोबरेल लावलेलं मला दिसलं. चिरा मिटत आल्या होत्या. बऱ्या होत होत्या.

मुळीचं पथ्य मी विचारून घेतलं. दिरांनी सांगितलं. आंबट नाही, आरशात बघायचं नाही, आणि औषध घेतल्यावर महिनाभर वाहतं पाणी ओलांडायचं नाही. ओलांडलं की विष पुन्हा चढतं.

धुळ्याहून असोद्याला यायचं तर गिरणा ओलांडावी लागते. म्हणजे ती महिनाभर तिकडेच राहणार. मला त्या पथ्यातली लबाडी लगेच कळली, कारण माणूस पुढे मेला, तर त्याने कुठेतरी पाणी ओलांडलं म्हणायचं, म्हाताऱ्यावर बोल येत नाही. पण त्यावर वाद घालून काही होणार नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई होत्या, ती होती.

"आई," मी म्हणाले, "अक्का महिनाभर नाहीत. दिवाळीचे पाहुणे येणार. सुट्टी संपली की मी रजा वाढवते आणि इथेच राहते. कोठीची किल्ली माझ्याकडे द्यायला सांगा त्यांना."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच आनंद झाला. मी राहते म्हणाले असं पहिल्यांदाच घडत होतं. "दे वं तिले किल्ली," त्या जावेला म्हणाल्या.

जावेचा हात कमरेला गेला. किल्ली सोडायला नाही, झाकायला.

"कोठी जरा आवरायला झालीये," मी म्हणाले. "सरकीची पोती बाहेर काढू. लोणच्याच्या जुन्या बरण्या गल्लीत वाटून टाकते, म्हणजे खरवसाचा राग जाईल लोकांचा. तुपाचं कसं करता तुम्ही? मी तर मोकळं ठेवीन. ज्याला लागेल त्याने घ्यावं."

ती उभी राहिली. पेटीचं झाकण तिने पायाने लावलं.

"दवाखानामा किती येळ लागस?" तिने विचारलं. मला नाही, भिंतीला.

"सकाळच्या बसने जायचं, सुई घ्यायची, दुपारी घरी. महिनाभर नाही जावं लागत. आणि नदी नाही मधे."

"मी जासू," ती सासूबाईंना म्हणाली. "इना साठे नही. हाई मन्ही कोठी वाटी दी. पोटमा सुया घिसू, पन चावी इले देवाव नही."

"मंग मुळी?" दिरांनी विचारलं.

"तुम्हीच खा," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळपासून आम्ही रोज जळगावला जायला लागलो. ती एकटी गेली असती तर रांगेतून उठून आली असती, म्हणून मी बरोबर. बसमध्ये ती खिडकीशी बसे आणि पिशवी शेजारच्या जागेवर ठेवे, म्हणजे मी बसू नये. मी मागे बसायची. रांगेत खरवसवाली गल्ली असे. काकू पहिल्या दिवशी तिला बघून म्हणाल्या, "आता आठवन झाली का वं?" त्यावर माझी जाऊ म्हणाली, "तुमीन फुकट खरवस खाई गयात. आते फुकट सुया खावा." रांगेतली माणसं हसली. काकू हसल्या नाहीत.

सुई मोठी होती, आणि बेंबीभोवती जागा बदलून मारत. कमरेची किल्ली आड यायची. नर्स म्हणाली, काढून ठेवा बाई ती. तिने काढली नाही. फिरवून पाठीमागे सरकवली आणि हाताने धरून ठेवली, आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मी ओढून घेईन अशा नजरेने. मी मुद्दाम किल्लीकडे बघत राहायचे. एखाद्या दिवशी तिचा उत्साह कमी दिसला, ताप आला, पोटावर सुपारीएवढ्या गाठी आल्या आणि ती "आज नही" म्हणाली, की मी स्वयंपाकघरात शिरून कोठीच्या दारापाशी जरा उभी राहायची. कडी वाजवायची. ती पायांत चपला घालायची.

गल्लीतले बरेच जण चार-पाच सुयांनंतर यायचे बंद झाले. तेही ठीकच, त्यांना गरज नव्हती. काकू मात्र शेवटपर्यंत आल्या. माझी जाऊ दिसली की पदर सावरून पुढे सरकायच्या, तिच्या आधी नंबर लागावा म्हणून. शेवटची सुई घेऊन जाऊ बाहेर आली तेव्हा मी तिला चहा विचारला. ती म्हणाली, "घरी शे चहा," आणि बसस्टँडकडे चालू लागली.

पुढच्या वर्षी कापूस फुटला, तिची बोटं पुन्हा फाटली, ती पुन्हा लोकांच्या म्हशींच्या पोटात हात घालायला लागली. मात्र तोंडात हात घालायला कुणी बोलावलं, तर आधी विचारायची, कुत्रं दिसनं व्हतं का. एवढा एक बदल. हा बदल तिने कधी मान्य केला नाही आणि मी कधी बोलून दाखवला नाही.

त्या विषाणूने मारलेलं माणूस मी पाहिलं आहे, पण त्याच्यापासून वाचलेलं माणूस दाखवता येत नाही, ही त्यातली खरी जाचक गोष्ट आहे. म्हशीचं डोकं तपासायला कुणी पाठवलं नव्हतं. लाळ चिरांतून आत गेली होती का, गेली असेल तर किती, बोटांपासून किती वर पोचली होती, हे कुणीच सांगू शकत नाही. इंजेक्शन लागू पडलं तर काहीच होत नाही. आणि काहीच झालं नाही तर लोक म्हणतात, काही होणारच नव्हतं. पहारेकऱ्याचं नाव चोरी झाल्यावरच निघतं.

नव्वदच्या दशकात पुतण्याच्या लग्नात जामनेरला आम्ही सगळ्या मांडवाच्या मागे वांगी चिरत बसलो होतो. नव्या सुना होत्या. जाऊ त्यांना गोष्ट सांगत होती.

"आमनी म्हैस घसामा अटकीसन मरनी. आन् हाई मास्तरीणनी बठ्ठा गावमा बोंब मारी, म्हैस पिसाळनी, म्हैस पिसाळनी. माले फुकट चौदा सुया टोचाड्यात." तिने चाकू माझ्या दिशेने केला. "सांगा आते तुमीच. माले काई व्हयनं का?"

"नाही," सुना म्हणाल्या.

"काहीच झालं नाही," मी म्हणाले.

"मंग कसाले नेलं व्हतं वं माले?"

एक नवी सून हळूच म्हणाली की धाकट्या सासूबाईंना काळजी वाटली असेल.

"कायजी," जाऊ म्हणाली. तिने तोंड वाकडं करून वांग्याचं देठ पाटीत फेकलं. किल्ली अजून तिच्या कमरेला होती. सासूबाई जाऊन वर्षं झाली होती, वाटण्या झाल्या होत्या, कोठीत आता फक्त तिचंच सामान होतं. "कायजी नही नि काई नही. इले मन्ही चावी पाहिजे व्हती."

सुनांनी माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणाले. "पाहिजे होती." आणि पुढचं वांगं उचललं.